ओरेस्टचे जॅक

कॅटलॉगमध्ये जोडीची किंमत नऊशे चाळीस डॉलर.
बाबांनी पान दुमडलं, उलगडलं, आणि त्याच पानावर
पेन्सिलीने तीन पाय काढले.
आई म्हणाली, झालं.

चाकाचं बेअरिंग कुरकुरत होतं, एवढंच.
पण चाक काढायचं तर आधी विमान उचलायला हवं
आणि चेरोकी म्हणजे काही वासरू नव्हे
पोटाखाली हात घालून उभं करायला.

पाइप हवे होते सहा.
अंगणात माझा झोपाळा. चार पाय, एक आडवा दांडा,
तो मधोमध कापला की दोन.
मला विचारलं नाही, गणित घातलं:
चार आणि दोन किती, ओक्साना?
मी चौदाची. दोन वर्षांत बसले नव्हते त्यावर.
तरी सहा म्हणायला वेळ लागला.

कॅनोराचा जानेवारी, उणे एकतीस.
गॅरेजमध्ये निळा उजेड, गाडी बाहेर बर्फात.
यॉर्कटनहून दोन बाटली-जॅक, एकशे दहा.
वेल्डिंगच्या कांड्या दोन डबे, पहिला ओलसर निघाला.
गाडीला नवी बॅटरी.
आई फ्रीझरच्या दारावर खडूने मांडत गेली.
कोंबडीहून मसाला महाग पडतोय, ओरेस्ट.
बाबांनी काच खाली ओढली.

फेब्रुवारीतला रविवार, चर्चनंतर, शर्ट न बदलता:
शेपटीच्या कडीला सिमेंट भरलेलं पिंप,
एका पंखाखाली ते, एका पंखाखाली मी.
मी एक म्हटलं की मारायचा दांडा.
एक.
एक.
एक.
विमान जागचं हललं नाही, आणि वर गेलं.
बाबांनी डाव्या चाकाखालून चर्चचं पत्रक सरकवलं,
आरपार.
मग खालचा मोठा नट हाताने घट्ट फिरवत आणला.
तेलावर विसंबू नये, म्हणाले,
तेल रात्री झोपतं.

मग ते नेस्टरला हवे झाले.
मग कॅमसॅकच्या पोपॉफला. मग पोपॉफच्या मेहुण्याला,
त्याला आम्ही अजून पाहिलेलं नाही.
परत येताना सोबत बीटाची बरणी, कांदे,
एकदा एक पाय वाकून पुन्हा सरळ केलेला,
एकदा न विचारता दिलेला हिरवा रंग.
चेरोकी वर्षाकाठी वीस तास उडायची.
जॅक कधी घरी नसत.

विमान विकलं तेव्हा घेणाऱ्याने विचारलं, जॅकही देता का?
बाबा म्हणाले, बाहेर गेलेत.
खरंच गेले होते.
फ्रीझर गेला. आकडे त्याच्याबरोबर.
आई शेवटपर्यंत म्हणायची, चाळीस डॉलरचा तोटा.
बाबा म्हणायचे, बेचाळीस.

आजही फोन येतो, बहुतेक मार्चमध्ये:
ओरेस्टचे जॅक तुमच्याकडेच ना?
बाबा नाहीत, हे काहींना ठाऊक असतं,
काहींना मीही सांगत नाही.
या, म्हणते, गॅरेजचं दार उघडंच आहे.
पिकअपवर चढवायला हात देते.
प्रत्येक जॅकच्या एका पायावर, रंगाखाली,
साखळीने घासून पडलेली खाच आहे.
अंगठा तिथे बरोबर बसतो.
नट आवळायला विसरू नका, एवढं मात्र बजावते.