गंज मालकाचा

अर्धा सेकंद, त्याहून जास्त नाही.
सड्यावरच्या धावपट्टीच्या कडेला
पुढचं चाक मऊ मातीत रुतलं,
पात्यांची टोकं जांभ्याला लागली
आणि इंजिन उचकी लागल्यासारखं थांबलं.
मला खरचटलंही नाही.

खलील तांडेल बर्फ न्यायला आला तेव्हा म्हणाला,
आमचा पंखा खडकावर आपटला की
ठोकून सरळ करतो, पुढच्या भरतीला परत बाहेर.
तुझंच काय एवढं?
म्हटलं, तुझ्याखाली पाणी असतं.
तो म्हणाला, पाण्याखाली काय असतं ते विचार.

वेंगुर्ल्याहून इनास डांटस आला मोटारसायकलवर,
मागे हत्यारांची पेटी मांडीवर घेतलेला भाचा.
विमानाभोवती एक फेरी मारली. चहा नको म्हणाला.
"शेट, पंख्याचा दुखणा पंख्यात रवना नाय.
ता आत जाता. सगळा उघडूक होया."
सगळा म्हणजे किती?
त्याने सिगारेटच्या पाकिटावर आकडा लिहिला
आणि पाकीट उलटं ठेवलं.

मग बर्फाचा कारखाना वृंदावर टाकून
रोज त्याच्या शेजारी बसलो, मजुरी वाचेल म्हणून.
परातीत रॉकेल, रॉकेलात नट-बोल्ट,
प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी.
दुसऱ्या आठवड्यात इनास हळूच बोलला,
"तुमी धुतल्यात ता मी परत धुतंय.
वायट वाटात म्हणान सांगूक नाय."
तरी मी बसत राहिलो.

क्रँकशाफ्ट बेळगावला गेला तपासायला.
अंधारात हिरव्या उजेडाखाली धरतात,
भेग असली तर केसासारखी चमकते म्हणे.
नव्याची किंमत: कारखान्याचा कॉम्प्रेसर,
वर सत्तर कलमांचा एक हंगाम.
अकरा रात्री फोन उशाशी.

भेग नव्हती.

पण आत कॅमवर,
जिथे जमिनीचा धक्का पोचतच नाही,
तांबूस ठिपके होते, गोवर उठावा तसे.
विम्याच्या नाफडेंनी चष्मा कपाळावर सरकवला,
नखाने एक ठिपका खरवडला.
"हा अपघात नाही, ही खारी हवा.
किती दिवस उडवलं नव्हतं?"
दोन पावसाळे.
पेट्रोल महागलं ना, मी म्हणालो.

महागलं होतंच.
पण त्याआधी एका संध्याकाळी, देवगडसमोर,
होड्यांचे दिवे आणि चांदण्या एक झाल्या
आणि खाली कुठलं ते कळेना.
दोनेक मिनिटं. मग दीपगृह दिसलं.
हे वृंदालाही माहीत नाही.
त्यानंतर ताडपत्री घातली,
धुलाईचं कारण, कामाचं कारण, वाऱ्याचं कारण.

नाफडेंनी कागदावर मधोमध रेघ ओढली.
धक्का: कंपनी.
गंज: मालक.
मालकाची बाजू खालपर्यंत भरली,
मागच्या पानावर गेली.

इनास इंजिन मिटत होता. मान वर न करता म्हणाला,
"आता दर आयतवारी उडवा.
नाय जमला तर विकून टाका.
बसवून ठेवू नकात."

मी सही केली, तारीख घातली.
रॉकेलच्या अंगठ्याचा ठसा
आकड्यावर उमटला, आणि तसाच राहिला.