वगळ

पाचगावच्या वरच्या अंगाला, टेकाड उतरतं तिथं,
सकाळी साडेसातला मशीन उभं केलं.
आण्णाप्पा काठी धरून पुढं चालला होता.
माघ सरत आलेला, गवत पिवळं,
आणि त्या पिवळ्यात एक हिरवा पट्टा, कुणी ओचा सोडल्यासारखा.
तिथं त्याचा पाय गेला.
पँट गुडघ्यापर्यंत भिजली.
"सर, हितं वगळ हाय."

नकाशात नव्हती.
म्हणजे होती, जुन्या गावनकाशावर,
दोन तुटक रेघा; घडीवर कागद विरला तिथं त्याही विरलेल्या.
नव्या प्रिंटवर त्या जागी
प्लॉट एकवीस ते सव्वीस, पूर्वाभिमुख,
आणि बोर्डावर स्कीमचं नाव: निर्झर पार्क.
शेजारी छापलेला धबधबा
बहुतेक स्वित्झर्लंडचा.

घोरपडे साहेब गाडीतून उतरले.
पायातल्या करकरीत कापशीला चिखल नको
म्हणून एका दगडावर उभे राहिले.
पलीकडच्या दगडावर
त्यांच्या आडनावातली घोरपड ऊन खात होती.
दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.
"चार दिवस वाहती पावसाळ्यात. तिला काय धरायचं?
वगळ."

नाम होतं की क्रियापद,
मी विचारलं नाही.
त्यांची गाडी गेली तरी शब्द तिथंच होता.

मी लेव्हल घेत खाली उतरलो.
उंबराखाली, एक पॉइंट बेचाळीस:
खेकड्यांची बिळं, अंगठा जाईल एवढी, तोंडाशी ओली माती.
पुढं, दोन पॉइंट शून्य पाच:
बाभळीच्या एकाच फांदीला सुगरणीचे अकरा खोपे,
सगळे पात्रावर लोंबणारे.
सापाला चढायला जागा कुठून नाही
हे तिनं कुठल्या यंत्रानं मोजलं?
तीन पॉइंट दहा: साळिंदराचा काटा, काळा-पांढरा,
आमच्या काठीसारखाच
खुणा केलेला.
आण्णाप्पानं तो कानामागं खोचला.

खालच्या वळणावर शेवंता मुळीक म्हशी घेऊन उभी.
"आटली म्हणत्यात व्हय? निजलीया ती.
हात घाला की."
मी गुडघे टेकले, वाळूत कोपरापर्यंत हात घातला.
आधी कोरडं.
मग ओलसर.
मग बोटांना
गार, हळू, सरकणारं काहीतरी,
झोपेत कुणी हात धरावा तसं.

पुढं ती कुठं जाते मला ठाऊक आहे.
जयंतीला जाते,
जिला आपण नाला म्हणायला लागलो
आणि मग तिच्यात काहीही टाकायची मुभा झाली.
जयंतीच्या काठाला माझा फ्लॅट.
पुराच्या वर्षी पाणी मीटरच्या पेटीपर्यंत आलं होतं,
बायको गच्चीवर बसून मला विचारत होती,
"हे आलं कुठनं एवढं?"
मी आभाळाकडं बोट दाखवलं.
खरं तर त्या इमारतीची मोजणी माझीच.
तिथंही अशीच एक हिरवी पट्टी होती.
तिथंही कुणीतरी तोच शब्द म्हणालं होतं,
आणि मी तो
क्रियापद म्हणून ऐकला होता.

तर आज निळी पेन्सिल काढली.
दोन्ही काठांपासून नऊ-नऊ मीटर सोडून
खुंट्या ठोकल्या, चुना टाकला.
उंबर आत राहिला, खोपे आत राहिले,
घोरपड तेवढी कुठं दिसली नाही, ती तिचं बघून घेईल.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
वगळ आहे. वगळू नये.
अक्षर जरा थरथरलं, ते राहू दिलं.

रात्री फोन.
"सहा प्लॉट गेले माझे."
"हो."
"तुम्हाला कळतंय का, सहा?"
"हो."
बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज, त्यांच्याकडचा.
"दुसऱ्याकडनं मोजून घेतो मग."

घ्या की.
त्याच्याही माणसाची पँट
भिजेलच
गुडघ्यापर्यंत.