तुनाजोडेच से

माझं काम मीटरचे फोटो काढायचं.
अमळनेर, पैलाड, बोरीच्या दोन्ही काठांवरची घरं,
दिवसाला दीडशे. आकडा दिसला पाहिजे, बोट दिसता कामा नये.
अक्षांश-रेखांश मला कुणी शिकवले नाहीत,
मोबाईल रोजच सांगतो मी कुठे उभा आहे,
चार-पाच पावलांच्या फरकाने.

पहिली डबी फोटोच्या रिळाची, काळी.
पारोळा रस्त्याच्या मोरीखाली, तीन दगडांआड.
आत सहीसाठी कागदाची गुंडाळी, अर्धी पेन्सिल,
आणि ज्याला सापडेल त्याने न्यावी, बदल्यात काही ठेवावं म्हणून
एक शिट्टी.
दोन दिवसांत शेळ्यांमागच्या पोरांनी शिट्टी नेली,
ठेवली चघळलेली बोराची आठळी.
व्यवहार नियमाने झाला.

मग मी पुलाच्या कठड्यात एक नट जास्तीचा बसवला,
आतून पोकळ, लोहचुंबकावर चिकटलेला.
लोक त्यावर तळवा टेकून नदी बघत
आणि घरी नेत नुसता गंज.

मग विहिरीवर वाकलेल्या बाभळीत
सुगरणीच्या पंधरा खोप्यांमध्ये सोळावा, माझा.
विणायला तीन रविवार गेले.
तेराव्या दिवशी आत ओळ होती:
‘तुना खोपानं तोंड वाराकडे से. सुगरण आशी चुकत नई.’
सहीच्या जागी एक गोल,
गोलाच्या कडेला ठिपका.

गोल म्हणजे सूर्य? विहीर? डोळा?

बाभळीने माझं चाक बसवलं ते वेगळंच.
पैलाडला युनूस पिंजारी
टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता.
वर न बघता म्हणाला,
‘काय धुंडी ऱ्हायना रे भो, एवढा उनमा?’
म्हटलं, मीटर.

पुढचा डबा मी जागेऐवजी आकड्यात लपवला.
बंद पडलेल्या जिनिंगमध्ये एक मीटर आहे,
कपाशी यायची थांबली त्या दिवशीच्या आकड्यावर अडकलेला.
तो आकडा रेखांशाच्या शेपटीला जोडायचा
आणि जिथे पोचाल तिथे दादरच्या ताटांत बघायचं.
नऊ दिवस. गोल, ठिपका.

शेवटी तापीच्या पात्रात पुरला,
पाणी उतरलं की चार महिनेच असणारा डबा.
बाकी आठ महिने त्या अक्षांशावर मासे.
मे महिन्यात उकरला तेव्हा वाळू आधीच हललेली,
आणि कागदावर:
‘आते मनी बारी. डबा तुनाजोडेच से.’

माझ्याजवळच!
शर्टाचे खिसे उलटे केले. कामाची पिशवी झटकली.
घरचं मीटर उघडून पाहिलं, जे उघडणं नियमात बसत नाही.
तुरीच्या डाळीत कोपरापर्यंत हात असताना
बायकोने, पुष्पलताने, दिवा लावला.
तिला अक्षांश समजावून सांगितले.
तिने डाळ पुन्हा निवडायला लावली.

आठ महिने.
पेट्रोल भरताना दर वेळी स्कूटरची सीट उचलत होतो,
खाली टाकीत डोकावत होतो.
उचललेल्या सीटच्या पोटाकडे
पंपावरच्या पोराने बोट दाखवलं:
‘काका, हे काय चिकटलंय?’

चपटी डबी. वर सायकलच्या ट्यूबचं रबर,
कडा घासून, सोल्यूशन लावून, पॅच मारून बंद केलेल्या.
असे पॅच गावात एकच माणूस मारतो.
आत कोरा कागद, वर गोल,
कडेला ठिपका,
म्हणजे ट्यूब. म्हणजे व्हॉल्व्ह.

सही करायची तर जागा कुठली लिहू?
डबी माझ्याबरोबर जळोदला गेली, मारवडला गेली,
सासऱ्यांच्या दहाव्याला गेली.
मी गाडीच्या मीटरवरचा आकडा लिहिला,
फोटो काढला, बोट न दिसता,
आणि डबी होती तिथेच परत चिकटवली.

मग पैलाडला गेलो. म्हटलं, हवा बघा जरा.
युनूसभाईंनी अंगठ्याने चाक दाबलं, पुढचं, मग मागचं.
‘बरोबर से.’
हात पुसले. पैसे घेतले नाहीत.
मी किक मारली तेव्हा
टबातल्या पाण्याकडे बघतच म्हणाले,
‘गाडी इकू नको, भो.’