पाणी कुठे मुरतं

भरती उलटायला चाळीस मिनिटं आहेत.
ओरिंडा टावारिस खाजणात उभी,
काळा चिखल बुटांच्या काठापर्यंत,
बाटलीवर पेन्सिलीनं लिहिते आहे:
नळी सात. सहा वाजून दहा.
शाई इथे टिकत नाही.
हिरव्या डोळ्यांच्या माश्या मानेला डसतात,
हात रिकामा नसल्यानं
ती त्यांना डसू देते.

केप कॉडचा हा वाळूचा हात
समुद्रात कोपरातून वाकलेला.
टेकाडावर एकशेबारा घरं,
प्रत्येक घरामागे एक शोषखड्डा.
न्हाणीचं, मोरीचं, संडासाचं पाणी
वाळूत उतरतं आणि दिवसाला जेमतेम वीतभर
खाडीकडे सरकतं,
पाइन वृक्षांखालून, गोल्फच्या हिरवळीखालून,
शाळेच्या बसथांब्याखालून,
कोणाला काही न कळवता.
पाणी कुठेतरी मुरतंय, म्हणतात ना,
ओरिंडा पोटापाण्यासाठी तेच शोधते:
कुठे, किती, आणि कधी वर येणार.

नत्र काही विष नव्हे. अन्नच ते.
खाजणातलं गवत त्यावर माजतं,
उंच होतं, गडद होतं,
बघणाऱ्याला वाटतं काय छान.
पण आयतं मिळालेल्या मुळांना
खोल जायचं कारणच उरत नाही.
मग एखाद्या अमावास्येच्या ओहोटीला
काठाचा अख्खा तुकडा, गवतासकट,
खाडीत बसतो.
अति तिथे माती, खरं;
इथे तर मातीसुद्धा राहत नाही.

हेस्टर नाय थर्मास घेऊन खाली येते.
वय शहाऐंशी. फळ्यांच्या वाटेवरून, काठी टेकत.
नगरसभेत गटारवाहिनीच्या विरोधात
तिनं तीनदा हात वर केला आहे
आणि दर मंगळवारी ओरिंडाला कॉफी आणते.
दोन्ही गोष्टी मनापासून.

"हे कोणाचं?" ती बाटलीकडे बघून विचारते.
पाणी स्वच्छ. पिण्यासारखं दिसतंय.
ओरिंडा नकाशा उलगडत नाही, तो तिला पाठ आहे.
"तुमच्या ओळीतलं. तुमचं किंवा शेजाऱ्यांचं.
चौदा वर्षांपूर्वी निघालेलं."

हेस्टर बोटांवर मोजत नाही.
चौदा म्हणजे तो हिवाळा.
क्लिफर्ड अंथरुणात,
ज्यानं पन्नास वर्षं या खाडीतून स्कॅलप काढले
आणि तळाचं समुद्रगवत गेलं तेव्हा
होडी विकून, कोणाशी न बोलता, घड्याळं दुरुस्त केली.
रोज दोन चादरी. कधी तीन.
यंत्र रात्री अकरालाही घरघरायचं,
आणि ती तळघराच्या पायरीवर बसून
ते थांबायची वाट बघायची.

"म्हणजे ते आत्ता पोचलं," ती म्हणते.

ओरिंडाला सांगता आलं असतं
की सगळं पोचत नाही,
की या कुजकट वासाच्या चिखलात
डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत,
ते बरंचसं नत्र सोडवून हवेला परत देतात,
तो बुडबुडा बघा, तो कदाचित तेच.
तिनं हे शाळेच्या मुलांना शंभरदा सांगितलंय.
आत्ता ती बाटलीचं झाकण पिळून घट्ट करते
आणि बर्फात ठेवते. जरा हळू.

"आणि माझं? आज सकाळी दात घासले ते?"
"तेही तेवढंच. चौदा. थोडं इकडेतिकडे."
"तू असशील इथे?"
"साठीला टेकलेली."
"आणि ही नळी?"

ओरिंडा काठाकडे बघते.
गेल्या वर्षी नळी काठापासून सहा पावलं होती.
आता चार.
दोघींच्या मधे कॉफी निवते आहे.
खाली पाणी क्षणभर थबकतं, कुठेच न जाणारं,
आणि एक गवताचं पान, आडवं,
उलट्या दिशेनं निघतं.