दोन तास

एल आल्तोत, चार हजार मीटरवर,
पाणी लवकर उकळतं आणि डाळ उशिरा शिजते.
मी गुमेर्सिंदो, पाववाला.
रात्री एक ते पहाटे पाच भट्टी जागी असते,
तिच्यासोबत मी.
मार्राकेता: वरून कडक, आत पांढरा,
तोडला की निम्मी हवाच.
बत्तीस वर्षं न्याहारीला तोच, सोबत चहा,
साखर चार चमचे. कधी पाच.

दवाखान्यात विल्मा नर्सनं बोट टोचलं,
आकडा बघितला, आणि काही न बोलता
कागदावर मणी काढले.
सुटे मणी, एक-दोन: ही साखर,
दार न ठोठावता घरात.
मग लांबलचक माळ: हा स्टार्च.
"उसवायला वेळ लागतो. पण तुमच्या मैद्याची माळ, मायेस्त्रो,
गिरणीनं आधीच ढिली करून ठेवलीय."
शेवटी एक गाठोडं काढलं, पोटाला न सुटणारं.
"हे तंतू. हे बाकीच्यांना घाई करू देत नाहीत."

मला राग आला.
माझ्या पावाला एवढं
बायकोसुद्धा कधी बोलली नव्हती.

कळलं ते रात्री, परातीपाशी.
यीस्टला चमचाभर साखर दिली
की दहा मिनिटांत फेस, गडबड, लग्नघर.
नुसतं भरडं पीठ दिलं
तर एक बुडबुडा. बऱ्याच वेळानं आणखी एक.
कुणी म्हातारं जिना चढत असावं तसं.
हे मला पोरवयापासून ठाऊक होतं,
फक्त परातीच्या बाबतीत.

आता भिंतीवर कोळशानं लिहितो,
खाल्ल्यानंतर दोन तासांनी:
मार्राकेता दोन, २४१.
गरम बटाटा, २१८.
तोच बटाटा, काल उकडलेला, गार, १९०.
बहिणीनं ओरुरोहून चुन्यो पाठवला,
गारठ्यात गोठवलेला, पायांनी तुडवलेला,
उन्हात वाळून काळा पडलेला बटाटा.
सोबत मूठभर बावटे, १६४.
खुशीत दुसरा वाडगा घेतला. २०९.
विल्मा हसली, "काळा झाला म्हणून तो साधू होत नाही."

निजेला धोंडा, भुकेला कोंडा म्हणतात.
माझ्या मैद्याचा कोंडा गिरणीतून थेट
कोंबड्यांकडे जातो.
कोंबड्या ठणठणीत आहेत.

सोमवारपासून एक ट्रे वेगळा भाजतो,
कोंड्यासकट गहू, थोडा कान्यावा, चिमूटभर मीठ.
रेमेदिओसबाईंनी अंगठ्यानं दाबून विचारलं,
"करपला का?"
तीन विकले गेले. नऊ उरले.
त्यातला एक आता माझ्यासमोर आहे,
जड, तपकिरी, चावायला लावणारा.
चहा बिनसाखरेचा. अजून आवडत नाही.

घड्याळ लावून कणकेपाशी बसतो.
तीही दोन तासच घेते,
तिला मी कधी घाई केली नाही.

मग हात धुतो. साखर लागलेली असली
तर आकडा खोटा येतो म्हणे.
पाणी बर्फासारखं.
बोटांवरचं पीठ निघतं,
नखांखालचं नाही.