बॉनेटखाली उरेल ती जागा

छावणीतल्या गल्लीत, टायरवाल्याच्या आणि गादीवाल्याच्या मधे
ती उभी आहे सात महिने,
लांब नाक रस्त्यात काढून.
शाळेतून येणारी पोरं त्या नाकावर दप्तरं टाकून खेळतात.
सहा सिलिंडरांची. मिस्त्रींच्या मते
सहावा गेला.

"छोटा इंजन डाल दो, भिया. चार का."
इसहाक मिस्त्री हे गेल्या दिवाळीपासून म्हणतात,
दर वेळी नव्यानं सुचल्यासारखं.
कुठल्याशा घरगुती गाडीचं, बाराशे सीसीचं,
ठोकर मागून बसलेली, इंजिन कोरं.
तापणार नाही. पेट्रोल निम्मं.

तन्मयनं कागदावर भार मांडून दाखवला,
पुढच्या चाकांवर किती, मागच्यांवर किती:
"नाक हलकं होईल, मामा, वळणावर चाकू चालेल चाकू!"
मी छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले.
ह्यात चूक सापडली नाही.
फक्त बॉनेटखाली सव्वा फूट जागा उरते रिकामी.
"तिथे स्टेपनी ठेवू," म्हणाला.

माझ्याही मामांची ती. दिगंबरमामांनी
महूच्या एका मेजरकडून घेतली, नऊ हजारांत.
मामींना सहा सांगितले.
मामी जाईपर्यंत तिची किंमत सहाच राहिली.

बडवाहहून परतताना, भेरूघाटाच्या चढावर
ट्रक खालच्या गिअरला येऊन कण्हायचे,
मामा तिसऱ्यातच.
माझ्या मांडीवर चिवड्याचा पुडा, आणि पुड्यातून,
मांडीतून, सीटच्या स्प्रिंगांमधून
तो आवाज वर यायचा,
मोठ्यानं नाही,
खोलीत कुणी जड माणूस शांतपणे बोलतोय तसा.
लहान इंजिनाला तिथे दुसऱ्यात यावं लागेल.
त्यात लाज कसली?
मीही रामबागेतला आमचा जिना
मधे एकदा थांबून चढतो,
कठड्यावरची कुंडी बघत असल्यासारखा.

गुरुवारी न कळवता गेलो.
ती चालू होती, बॉनेट उघडं,
मिस्त्री वाकलेले, हातात तो लांब पेचकस,
ज्याचं टोक इंजिनावर टेकवून
मूठ ते कानाला लावतात, डॉक्टरसारखी.
मूठ कानाला नव्हती.
दातांत धरली होती.

मी समोर येईपर्यंत त्यांना कळलंच नाही.
मग मूठ पायजम्याला पुसली.
"डावा तर गेलाच. उजवा आपला नावाला.
दातांत पाच येतात, भिया,
सहावा येत नाही."
तीन कार्बोरेटर, ते एका दमात लावायचे
म्हणजे कान लागतो,
आणि इंदुरात तो कान एकच होता.
"चार वाले में कंप्यूटर है," म्हणाले,
"उसमें कान नहीं लगता."

मी पेचकस घेतला. कानाला लावला.
एक, दोन, तीन. पुन्हा पहिल्यापासून.
गादीवाल्याचं पिंजण थांबेपर्यंत थांबलो आणि पुन्हा.
सहावा येत होता,
जरा उशिरा,
पंगतीला सगळे बसल्यावर चपला काढणाऱ्या पाहुण्यासारखा,
पण येत होता.

मिस्त्री माझ्या ओठांकडे बघत होते.

"पाच," मी म्हटलं. बोटंही दाखवली.

"बोला था ना!" त्यांनी इंजिन बंद केलं,
पोराला कट चहा आणायला पिटाळलं,
आणि कितीतरी दिवसांनी
पेचकस फिरवून बोटावर तोलून दाखवला, जवानीत दाखवायचे तसा.
मामांनी नऊचे सहा केले होते.
मी सहाचे पाच.

पुढच्या सोमवारी साखळी लावून ते उचलायचं आहे.
तन्मय म्हणतो, भंगारात चांगला भाव येईल,
ओतीव लोखंड आहे.
मी त्याला अजून काही बोललेलो नाही.
जिन्याखालची जुनी सायकल काढून
तिथली लांबी-रुंदी तेवढी
वर्तमानपत्राच्या कडेला लिहून ठेवली आहे.