सतरा नंबरची पेटी

त्या हिवाळ्यात एकतीस पेट्यांपैकी सत्तावीस मेल्या.
मेल्या म्हणजे, आम्ही मरू दिल्या.
लेइदा रोज बर्फातून जायची, लाकडाला कान लावायची,
परत येऊन वहीत एक फुली.
"औषध घालायचं नाही, एन्देल.
ज्या जगतील त्यांच्याच लेकी वाढवायच्या."
मुहू बेटावर वारा एवढा, की असलं वाक्यही
टेकायला दगडी कुंपण शोधतं.

माइट मी भिंगाखाली पाहिली आहे.
टाचणीच्या डोक्याएवढी, तांबूस, खेकड्यासारखी रुंद.
मेणाचं झाकण बंद व्हायच्या आत ती घरात शिरते,
बाळासोबत पाळण्यात निजते.
बाळ उठतं तेव्हा त्याचे पंख
चुरगाळून फेकलेल्या पावतीसारखे.

उन्हाळ्यात लेइदा तीनशे माशा बरणीत घ्यायची,
वर दोन चमचे पिठीसाखर, हलक्या हाताने घोळवायची.
साखर चाळून ताटलीत, तिच्यात माइट मोजायच्या.
माशा पांढऱ्याफेक होऊन घरी जात,
घरच्या त्यांना चाटून साफ करत.
सतराच्या बरणीत दोनच निघाल्या.
दोन!
तिने आकडा गिरवून गिरवून जाड केला.
मी कॉफी ढवळत राहिलो. साखर घातलीच नव्हती.

कारण आदल्या सप्टेंबरात, ती बोटीने पलीकडे गेली असताना,
मी सतरात मुंगीच्या आम्लाची पट्टी ठेवली होती.
फक्त सतरात.
वडिलांनी सायकलच्या कॅरिअरवर आणलेल्या माशांचं ते घराणं.
बाकीच्यांचं मरण मी तत्त्वाने पाहिलं.

लेइदाने सतराच्या चाळीस राण्या वाढवल्या,
पाठीवर हिरवा ठिपका लावला,
आणि डबीएवढ्या पेट्यांतून त्या एका उघड्या खडकावर नेल्या,
जिथे पारखून घेतलेल्या घराण्याचेच नर उडतात.
इतकी स्थळं आमच्या मुलीसाठीही पाहिली नव्हती.

मग सुईची परीक्षा.
पन्नास झाकणांतून पन्नास न जन्मलेल्यांच्या अंगात
बारीक सुई. दुसऱ्या दिवशी पाहायचं, कुणाला वास कळला.
सहा नंबरच्या काळ्या, चावऱ्या माशांनी
सगळी घरं रिकामी करून लख्ख पुसली होती.
फळीवर ओढून आणलेली अर्धीमुर्धी पिल्लं, दुधासारखी,
डोळे तेवढे जांभळे झालेले.
सतराच्या लेकींनी नऊ.
उरलेल्यांवर त्या बसून होत्या,
ऊब देत.

लेइदा वहीत मागे मागे जात राहिली,
सप्टेंबरच्या पानावर थांबली.
शेडमधून दहा पट्ट्यांचं पाकीट आणलं,
टेबलावर मांडल्या, माइट मोजते त्याच आवाजात मोजल्या.
नऊ.
"चाळीस राण्या," ती म्हणाली.
आणि जेवताना माझ्या ताटात बटाटे वाढले.

आता अंगणात सहाचं घराणं आहे.
मी दिसलो की चावतात.
सतरा तिने कुंपणापलीकडे, जुनिपरच्या आडोशाला नेऊन ठेवली,
झाकणावर खडूने लिहिलं: एन्देलची.
दर सप्टेंबरात मी तिथे पट्टी ठेवतो, दिवसाढवळ्या.
नरांची घरं मात्र ती स्वतः कापून टाकते,
दर तीन आठवड्यांनी,
मला न विचारता.